‘अल्फा’ वाढला, पण कशामुळे? सोलापुरातलं एक प्रकरण

(कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी अठरा वर्षांची. बारावी झाली, नीटला मार्क कमी पडले, म्हणून एक वर्ष ‘रिपीट’ करत होती. घर सोलापूरच्या पूर्व भागात. तळमजल्यावर टेरी टॉवेलचे यंत्रमाग, वरच्या मजल्यावर कुटुंब. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, मागावरच्या कामगारांशी दोन्हीची सरमिसळ. एका सकाळी क्लासमध्ये बाकावरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली. शेजारच्या मैत्रिणीने सांगितलं, ‘हात उडत होते.’ तेवढ्यावर ‘फिट’ हा शब्द घरात शिरला. अठरा वर्षांच्या मुलीच्या घरात तो शिरला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

मी ईईजी टेक्निशियन. शहरातल्या एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमकडे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद घ्यायचं काम करतो. नोंद मी घेतो, वाचतात मॅडम. या मुलीची नोंद घेतानाच संगीत आणि मेंदूच्या लहरींचा मुद्दा निघाला, तो तिच्या वडिलांमुळे.

वडिलांचा प्रश्न

मॅडमनी आधी नेहमीप्रमाणे खोदून विचारलं. पडण्याआधी घाम आला का, जीभ चावली का, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, सकाळी काय खाल्लं होतं. एक प्रश्न ऐकून वडील चमकले: ‘त्या वेळी कानात गाणं चालू होतं का?’ विचारायचं कारण असं, की एखादं विशिष्ट संगीत ऐकूनच झटका येणारे रुग्ण असतात. मॅकडॉनल्ड क्रिचली या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने १९३७ साली या प्रकाराला नाव देऊन त्यावर लिहिलं. प्रकार अत्यंत दुर्मीळ. पण प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

गाणं चालू नव्हतं. पण वडिलांनी लगेच खिशातून मोबाईल काढला.

‘मॅडम, गाण्याचंच विचारायचं होतं. पोरगी रोज अल्फा करूलालीय. हे बघा, ग्राफ कसा वर गेलाय. मग मार्क का वर जाईनात?’

उलगडा असा झाला. काही महिन्यांपूर्वी एका हॉलमध्ये ‘एकाग्रता वाढवा’ छापाचं शिबिर झालं होतं. तिथे कपाळावर बांधायचा एक बँड, त्याचं ॲप आणि गाण्यांचं पॅकेज असा संच विकला गेला. पॅकेजमध्ये रागांची यादी होती आणि प्रत्येक रागापुढे मेंदूच्या लहरीचा एक प्रकार लिहिलेला: हा अल्फाचा, तो थीटाचा. (रागांच्या वेळा आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आल्या आहेत, त्यांना आजवर हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला किती कंपनं या मापाची, गरज पडली नव्हती. हे माझं मत, मॅडमचं नाही.) किंमत ऐकून मी गप्प बसलो. एवढ्या पैशात मागाची बऱ्यापैकी दुरुस्ती झाली असती, हे वडील स्वतःच म्हणाले.

शिबिरातलं प्रात्यक्षिक मुलीने नीट सांगितलं, आणि या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तोच आहे. बँड बांधून मुलांना आधी गणिताचा कागद वाचायला दिला. पडद्यावर ‘बीटा’ची लाल पट्टी वर. मग सांगितलं, ‘आता डोळे मिटा, संगीत ऐका.’ मिनिटभरात ‘अल्फा’ची हिरवी पट्टी वर. हॉलमध्ये टाळ्या.

त्या मिनिटात तीन गोष्टी एकदम बदलल्या: गणित थांबलं, डोळे मिटले आणि संगीत सुरू झालं. श्रेय मात्र संगीताला मिळालं.

नोंद

ईईजीला येताना केस धुऊन, तेल न लावता यायचं असतं. हे आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो, फोनवर सांगतो, तरी सोलापुरातल्या आया ऐकत नाहीत. ‘डोकं थंड राहतं’ म्हणून त्या दिवशी सकाळीही डोक्यावर वाटीभर खोबरेल जिरवलेलं होतं. क्लिनिकच्या बेसिनवर शांपूच्या दोन पुड्या फोडून केस धुवावे लागले. मग टेपने मोजमाप. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याच्या दहा-वीस टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या. प्रत्येक खुणेवरची कातडी जरा घासून, पेस्टने चकती चिकटवायची. अशा एकवीस चकत्या. इतकं सगळं कशासाठी, तर कवटीवर पोहोचणारा विद्युतदाब मायक्रोव्होल्टमध्ये असतो, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. अल्फा साधारण २० ते ६० मायक्रोव्होल्टचा. छातीवरून मिळणारा हृदयाचा आलेख त्याच्या कितीतरी पट मोठा.

या लहरींची ओळख थोडक्यात. सेकंदाला चारपेक्षा कमी वेळा वरखाली होणारी ती डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा, त्याच्या वर गॅमा. जर्मनीतल्या येना इथले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती छापली. अल्फा हे नाव त्यांचंच. डोळे मिटून शांत बसलं की अल्फा येतो आणि उघडले की दबतो, हेही बर्गर यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे शिबिरातली करामत शंभर वर्षांपूर्वीची, आणि तिला संगीत लागत नाही.

मुलीची नोंद अगदी नेटकी आली. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं काम चालतं तिथे, सेकंदाला दहाच्या ठेक्यात अल्फा. ‘डोळे उघड’ म्हटलं की लगेच सपाट. ‘मीट’ म्हटलं की परत हजर. मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास, त्यानंतर डोळ्यांसमोर लखलखणारा दिवा. हा दिवा इथे फार महत्त्वाचा. सेकंदाला दहा वेळा लखलखवला की मागच्या चकत्यांखालच्या लहरी दिव्याच्या ठेक्याला धरून चालायला लागतात, आणि नुसत्या डोळ्यांना पडद्यावर ते दिसतं. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या जोडीने १९३४ साली हे दाखवलं होतं. ‘बाहेरच्या ठेक्याने मेंदूची लहर ओढून आणता येते’ हा दावा जिथे-जिथे विकला जातो, तिथे त्याच्या मुळाशी हे दिव्याचं उदाहरण असतं. फक्त दिव्याच्या जागी गाणं बसवलेलं असतं.

फिटची कुठलीही खूण नव्हती. इथे आमचं काम संपलं होतं. पण वडील मोबाईल हातात धरून दाराशीच उभे. मॅडम म्हणाल्या, ‘चकत्या लावलेल्याच आहेत, दहा-पंधरा मिनिटं जास्त घे. मालकांना आत बोलाव, त्यांच्यासमोरच होऊ दे.’

संगीत लावून

आधी उलटी बाजू घेतली. डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं आणि पॅकेजमधला ‘अल्फा’चा तुकडा ऐकायचा. अल्फा आला नाही. मग संगीत बंद, डोळे बंद. अल्फा भरपूर. मग डोळे बंदच ठेवून तेच संगीत. अल्फा तेवढाच, नजरेने तरी फरक सांगता येऊ नये इतका सारखा.

पुढे गंमत झाली. बासरीचा तो संथ तुकडा चालू राहिला आणि थोड्या वेळाने अल्फाची सलग रांग तुटायला लागली. मधे मधे खंड, खंडांत बारीक थीटा, आणि कपाळाच्या चकत्यांवर सावकाश झुलणाऱ्या मोठ्या लाटा. या लाटा मेंदूच्या नसतात. डोळा लागताना पापण्यांखाली बुबुळं या कडेवरून त्या कडेला तरंगतात, त्याची ती सावली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, ‘झोपली.’ अल्फाचं म्हणून विकलेल्या संगीतात अल्फाच गेला होता, कारण मुलगी झोपेला आसुसलेली होती. डुलकी लागली की अल्फा मावळतो, हे या खोलीत आम्ही रोज बघतो.

उठवल्यावर ती ओशाळली. ‘झोपायला सांगितलं नव्हतं ना दादा?’ मी म्हटलं, ‘नाही बाळ, पण बरं केलंस.’ मग तिला तिच्या आवडीचं गाणं लावायला सांगितलं. तिने एक ठेक्याचं तेलुगू सिनेमागीत लावलं. चेहरा उजळला, चादरीखाली पायाचा अंगठा ताल धरू लागला. अल्फा थोडा उतरला, आणि कानाजवळच्या चकत्यांवर काळी दाट झालर उमटली. ॲपच्या हिशेबात हा ‘बीटा’, म्हणजे ‘ताण’. प्रत्यक्षात पोरगी ओठ मिटून गुणगुणत होती आणि जबड्याचे स्नायू हलत होते.

वडिलांना हे पटेना, म्हणून मॅडमनी तिला दात आवळायला सांगितलं. पडद्यावर सगळ्या रेषा गवताच्या गंजीसारख्या झाल्या. सोडले, स्वच्छ. आवळले, पुन्हा गंजी. स्नायूंचा विद्युतदाब मेंदूच्या मानाने दांडगा असतो आणि बीटा-गॅमाच्याच पट्ट्यात घुसतो. एकवीस चकत्यांच्या नोंदीत आम्ही तो ओळखून बाजूला काढतो, कारण तो कुठून येतोय ते दिसतं. बँडच्या कपाळावरच्या एका सेन्सरला आणि कानाच्या क्लिपला ते कसं दिसणार?

चकत्या काढल्यावर तिने बँड बांधला. मोबाईल टेबलावर, आवाज बंद, डोळे मिटलेले. हिरवी पट्टी वर. मग वडिलांनी स्वतः बांधला आणि मॅडमच्या सांगण्यावरून भुवया उंचावल्या. लाल पट्टी पार वर आणि ॲपची सूचना: ‘मन शांत करा.’ वडील काही वेळ नुसते भुवया वरखाली करत राहिले.

मग संगीताने काहीच होत नाही का?

हा प्रश्न मुलीने विचारला, आणि तो सोपा नाही. एका मुलीच्या एका दुपारच्या नोंदीवरून त्याचं उत्तर निघत नाही. आमच्या नोंदीने एवढंच दाखवलं, की बँडवरची हिरवी पट्टी वर जायला संगीताची गरज नव्हती.

मॅडमनी वडिलांना समजावलं ते असं: कारखान्याच्या भिंतीबाहेर उभं राहिलं तर पाळी चालू आहे की बंद ते कळतं, किती माग चालू असतील याचा अंदाज येतो, पण आत कुठलं डिझाईन विणलं जातंय ते कळत नाही. कवटीवरून घेतलेली नोंद म्हणजे हे भिंतीबाहेरचं ऐकणं. लाखो पेशी एकदम, एका लयीत वरखाली झाल्या तरच बाहेर काही पोहोचतं.

तरीही संशोधकांना बरंच काही सापडलंय. ठेका ऐकताना मेंदूची नोंद त्या ठेक्याच्या गतीला धरून हलते, हे २०११ साली सिल्वी नोझारादान आणि सहकाऱ्यांनी ईईजीवर दाखवलं. मिनिटाला १२० ठोक्यांचा ठेका म्हणजे सेकंदाला दोन. नोंदीतही त्या जागी बारीक शिखर येतं. पण ते शिखर दिसायला बरीच मिनिटं नोंद घेऊन संगणकावर सरासरी काढावी लागते. दिव्यासारखं ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. शिवाय दोनचा ठेका दोनच्याच जागी उमटतो, दहाचा अल्फा होऊन येत नाही. सेकंदाला चाळीस वेळा टकटक ऐकवली तर श्रवणाच्या भागातून चाळीसचाच प्रतिसाद येतो. तो इतका भरवशाचा आहे, की कानाच्या तपासणीतही त्याचा उपयोग होतो. पण सेकंदाला चाळीस टकटकींना कुणी गाणं म्हणणार नाही.

पॅकेजमध्ये ‘१० हर्ट्झचा आवाज’ असाही दावा होता. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचा स्वर ऐकूच येत नाही, म्हणून पळवाट काढलेली असते: डाव्या कानात २००, उजव्यात २१० हर्ट्झ. दोन्हींचा मेळ मेंदूत बसतो आणि दहाचा हेलकावा ऐकू आल्याचा भास होतो. त्याला बायनॉरल बीट म्हणतात. भास खरा आहे, एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. त्याने अल्फा वाढतो की नाही याबद्दलचे निकाल उलटसुलट आहेत. पण त्यासाठी दोन कानांत दोन वेगळे स्वर जावे लागतात, ही अट मात्र पक्की. मुलीला विचारलं, ‘कसं ऐकतेस?’ तर रात्री कुशीवर झोपून, एकच इयरफोन वरच्या कानात. दुसरा धाकट्या भावाकडे. तिच्यापुरता तो निव्वळ एक सपाट सूर होता, आणि त्यालाही ती ‘अल्फा’ समजून महिनोन्‌महिने ऐकत होती.

आणि मोझार्ट. शिबिरात त्याचा उल्लेख होणारच होता. १९९३ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख आला. ३६ विद्यार्थ्यांनी मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटं ऐकल्यावर आकृत्यांच्या एका चाचणीत जास्त गुण मिळवले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. त्यातून ‘मोझार्टने बुद्धी वाढते’ अशी हवा झाली, इतकी की १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना संगीताच्या सीडी वाटायला सरकारी पैसा मागितला. पुढे टोरांटोच्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की फरक पडतो तो तरतरी आणि मूड यांमुळे. मोझार्टचा तो सोनाटा उत्साही आहे, माणूस जरा ताजातवाना होतो. हा वाटा वेगळा काढला की मोझार्टची जादू उरत नाही. माझ्या मते नीटच्या मुलांना हाच निष्कर्ष सगळ्यात कामाचा आहे: आवडतं गाणं ऐकून तरतरी आली, तर ती खरी आहे आणि फुकट आहे.

चक्करचं कारण

ते शेवटी जुनंच निघालं. रात्री दोनपर्यंत अभ्यास, पहाटे क्लास, उपाशी पोटी चहा, आणि उन्हाळा सोलापूरचा. त्यात ताडकन उठणं. रक्तदाब क्षणभर खाली गेला, मेंदूला रक्त कमी पडलं. नुसत्या घेरीतही दोन-चार वेळा हात झटकले जातात, मैत्रिणीने पाहिलं ते बहुधा तेच. दोन मिनिटांत ती बोलत होती, कुठे आहे ते सांगत होती. फिटनंतर इतकं लख्ख भान सहसा लगेच येत नाही.

झोपेचा घोळ मागांशी जोडलेला होता. तिची खोली बरोबर कारखान्याच्या वर. लहानपणापासून धोट्याच्या खटखटीत झोपलेली. उलट लाईट गेली आणि माग थांबले की घर जागं होतं, हे पूर्व भागात कुणीही सांगेल. पण या वर्षी रात्रपाळी सुरू झाली होती आणि ‘अल्फा’ ऐकू यावा म्हणून ती इयरफोनचा आवाज मागांच्या वर नेत होती. रात्रभर, झोपेतसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, त्यापुढे कानाला धोका. इथे खाली माग, वर इयरफोन. सकाळी कानात बारीक शिट्टी वाजते, हे तिने विचारल्यावरच सांगितलं. मॅडमनी कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

बाकीचा सल्ला साधा होता. रात्री इयरफोन नाही. झोपायची जागा मागच्या खोलीत, कारखान्यापासून लांब. क्लासला जाण्याआधी भाकरी-चटणी का होईना, पोटात काहीतरी. दिवसभर पाणी. गाणी दुपारच्या सुट्टीत, तिच्या आवडीची, दोन्ही कानांत, बेताच्या आवाजात. बँडबद्दल मॅडमनी चिठ्ठीत काही लिहिलं नाही. वडिलांनी विचारलं, ‘वापरू का नको?’ तर म्हणाल्या, ‘त्याने अपाय नाही. पण पट्टी वर गेली म्हणून अभ्यास झाला असं धरू नका.’

महिन्याभराने वडील रिपोर्टची प्रत घ्यायला आले. परत घेरी आलेली नव्हती. कानाची शिट्टी कमी होती, पण पूर्ण गेली नव्हती. मार्कांचं विचारलं तर म्हणाले, रसायनशास्त्रात थोडे वाढलेत, फिजिक्स आहे तिथेच. बँडचे पैसे परत मागितल्यावर विकणाऱ्याने नकार दिला होता. वर, मुलीने डोळे नीट मिटले नसतील, असं ऐकवलं होतं.